चष्म्याच्या कुलपाचा आकडा

ही गोष्ट सांगायचं मी काही वर्षं टाळलं. किनाऱ्यावर गप्पा चालल्या असताना तो विषय निघाला की मी उठून घरी यायचो, औषधाची वेळ झाली म्हणून सांगायचो. पण अजूनही आमच्या गावात कोणी ना कोणी म्हणतं, "ती चष्मावाली, घाणेरडं दाखवायची ती." हे वाक्य खोटं आहे. खोटं आहे हे माहीत असलेली माणसं दोनच, त्यातला एक मी. म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव बोर्डीच्या अलीकडे, समुद्राला लागून. माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि डहाणूच्या एक्स्चेंजमधून निवृत्त झालो. त्यामुळे गावात कोणाचा मोबाईल अडला, टीव्हीचा डबा बंद पडला की लोक माझ्याकडे येतात. मला ते आवडतं, हेही सांगून टाकतो.

चष्मावाली म्हणजे आमच्याकडे मासळी देणारी बाई. मासळीवालीची घरं ठरलेली असतात, तसं आमचं घर तिचं. फाटकाशी येऊन "वहिनीऽऽ" अशी हाक मारायची. माझ्या बायकोला वहिनी म्हणायची म्हणून मी दादा. दोघी ओट्यावर बसून पापलेट बघत कमी आणि बोलत जास्त. बायको गेली तेव्हा तेरा दिवस तिची टोपली आमच्या फाटकावरून मुकाट पुढे जायची. चौदाव्या दिवशी तिने ओले बोंबील आणून ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "दादा, आता खायला लागा."

पुढे तिचा गुडघा गेला. डोक्यावर टोपली घेऊन वाळूतून चालणं जमेना. तिचा भाऊ जहाजावर नोकरीला. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने तिला तो यंत्राचा चष्मा दिला, डोक्याला पट्ट्याने बांधायचा. तो लावला की समोरचा किनारा, सुरूची झाडं, माणसं सगळं दिसत राहतं, आणि त्यातच मासे पोहताना दिसतात. झाडाच्या बुंध्यामागून मोठा मासा येतो आणि आपल्या पोटाजवळून जातो. गुजरातहून सहलीला येणाऱ्या लोकांना हे दाखवायचं आणि टोपली सोडायची, असं तिने ठरवलं.

"दादा, मला इंग्रजी नाय कळत. तुम्ही चालू करून द्या," म्हणाली.

मी आनंदाने बसलो. यंत्राने जन्मसाल विचारलं. तिला स्वतःचं नक्की माहीत नव्हतं, मी माझं टाकलं. पुढे लिहून आलं की मोठ्यांसाठीच्या गोष्टी उघड्या ठेवायच्या की कुलूप लावायचं. मी तिला समजावलं की यातून इंटरनेटवर काहीही उघडता येतं, नको तेही, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर असताना तो काय उघडतो ते आपल्या हातात नाही.

"मग लावा कुलूप. माझ्याकडे पोरंबाळं येणार."

कुलपाला चार आकडे लागतात. जुन्या एक्स्चेंजमध्ये आमच्या घरचा नंबर चार आकडी होता, तोच मी टाकला.

"मला सांगून ठेवा आकडा."

"तुला कशाला लागतोय? लागला तर मी आहेच."

तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाईमाणसाने या भानगडीत कशाला पडायचं, असंच मनात होतं.

किनाऱ्यावरच्या टपऱ्यांचं एक मंडळ होतं. मी त्यात सल्लागार म्हणून बसायचो. मंडळाने तिला चिकूच्या ज्यूसच्या टपरीशेजारी जागा दिली. ऊन थेट भिंगावर पडलं तर आतला पडदा जळतो, म्हणून तिने झावळ्यांची खोपी बांधली. ज्यूसवाल्याने त्याचं वायफाय वापरू दिलं. गिऱ्हाईक काय बघतंय ते तिला तिच्या मोबाईलवर दिसायचं, म्हणजे "शेठ, मान वर करा, वर मोठा मासा आहे" असं तिला सांगता यायचं. लोक खूश होते. गिऱ्हाईक हवेत हात मारायचं आणि भोवतालचे हसायचे. बाई ऐटीत खुर्चीवर बसायची. गुडघ्याला आराम मिळाला होता.

दुपारी किनारा रिकामा असायचा. ती खोपीमागे सुरूच्या सावलीत डबा खायला बसायची आणि मी आत राखणीला बसायचो. घरी एकटा बसण्यापेक्षा ते बरं. "चष्मा लावून बघा की दादा, तुम्हाला कोण नाय म्हणणार," असं तीच म्हणायची. मी मासे बघायचो. मग माशांचा कंटाळा आला.

एका दुपारी मी आकडा टाकला आणि कुलूप काढलं.

काय बघितलं ते लिहायची गरज नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हातारपणी माणसाच्या मनातून हे सगळं निघून जातं असं लोक धरून चालतात, मीही तरुणपणी धरून चाललो होतो. ते काही खरं नाही. बघितल्याची लाज मला तेव्हाही वाटली, अजून थोडी वाटते, पण त्यासाठी हे लिहीत बसलो नसतो. चष्मा काढला की समोर ओहोटीचा चिखल, बांधलेल्या होड्या आणि कुत्री. मी घाम पुसायचो आणि कुलूप परत लावायचो. असं काही दुपारी चाललं. हळूहळू कुलूप परत लावायचा कंटाळा करू लागलो. तेवढं पान मिटायचं, मासे आणून ठेवायचे आणि उठायचं. कधी तेही राहून जायचं.

मोबाईल तिच्याजवळ असायचा. पण गिऱ्हाईक नसताना ती तो बंद ठेवत असेल असं मी धरून चाललो होतो. तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या माणसाने एवढी चौकशी करायला हवी होती.

त्या दिवशी वापीकडची एक गाडी अवेळी आली. नवरा, बायको आणि लहान मुलगा. मी दचकून चष्मा काढून स्टुलावर ठेवला आणि पाणी प्यायला म्हणून ज्यूसच्या टपरीकडे सरकलो. मुलगा चष्म्याकडे धावला. त्याची आई म्हणाली, आधी मी बघते, चक्कर येते की काय. तिने तो डोळ्यांवर धरला आणि किंचाळून वाळूत फेकला.

"आ शुं छे? छोकरांने आ बतावो छो?" नवरा ओरडायला लागला. बाई खोपीमागून हात न धुताच धावत आली. माणसं जमली. कोणीतरी चष्मा उचलून डोळ्यांना लावला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. खात्री करून घ्यायला सगळ्यांनाच बघायचं होतं.

मुलाने काही बघितलं नाही. ती आई सावध होती म्हणून. हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे.

रविवारी सकाळी मंडळाची बैठक खोपीतच झाली. अध्यक्ष, ज्यूसवाला, घोडागाडीवाला, भेळवाला आणि मी. बाई उभीच होती. तिची खुर्ची अध्यक्षांनी घेतली होती.

"मासळी दाखवते म्हणाली होतीस ना? ही कुठली मासळी?" घोडागाडीवाल्याने सुरुवात केली. सगळे हसले.

"त्याला कुलूप होतं," ती म्हणाली.

"मग उघडलं कोणी? भरतीच्या पाण्याने?"

"मला नाय माहीत. मला आकडाच माहीत नाय."

"स्वतःच्या यंत्राचा आकडा माहीत नाही?" अध्यक्ष म्हणाले. "आमची म्हातारी आई मोबाईलचं लॉक उघडते."

"दुपारी काय चालायचं कोणाला ठाऊक," भेळवाला म्हणाला. "ट्रकवाले पण यायचे म्हणे."

"कुठचे ट्रकवाले? तुझ्या तोंडाला काय हाड?" ती त्याच्यावर उसळली. मग माझ्याकडे वळली. "दादा, तुम्ही सांगा ना यांना. आकडा कोणाकडे आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ती विचारत होती ते साधं होतं. आकडा माझ्याकडे आहे, तिला मी दिलेलाच नाही, एवढंच बोलायचं होतं. पुढचा प्रश्न काय येईल हेही मला कळत होतं.

मी म्हणालो, "कुलूप मी लावून दिलं होतं. नंतर काय झालं, मला कल्पना नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाकून तिने स्टुलावरचा चष्मा उचलला, पदराने भिंगावरची वाळू पुसली आणि म्हणाली, "मग माझ्याच हातून राहिलं असेल."

"बघा, कबूल केलं," अध्यक्ष म्हणाले.

खोपी त्याच दुपारी उतरवली. झावळ्या ज्यूसवाल्याने सरपणाला नेल्या. मी घरी गेलो आणि जेवलो. जेवलो हे मुद्दाम लिहितो, कारण त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं कोणाला वाटू नये. उतरला.

पुढचे काही दिवस ती परत टोपली घेऊन फिरली, गुडघ्याला फडकं बांधून. पण ठरलेली घरंही दार उघडेनात. बायका आतूनच "आज नको" म्हणायच्या. माझ्या फाटकाशी ती थांबली नाही. बायकोच्या सुतकात जशी मुकाट जायची तशीच गेली. एकदा मी ओट्यावर होतो, तरी हाक मारली नाही, मीही मारली नाही. मग ती दिसायची बंद झाली. कळलं की तलासरीच्या पुढे अच्छाडला, हायवेवर एका ढाब्याच्या कडेला बसून सुकी मासळी विकते.

तिथे जायला मला दीड वर्ष लागलं. डहाणूहून तलासरीची एसटी आणि पुढे रिक्षा, एवढंच अंतर. जाताना खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत होतो. शेजारच्या माणसाने विचारलंही, "आजोबा, काही म्हणालात?"

ट्रकांची रांग लागली होती. धूळ, डिझेलचा वास, ढाब्यावर तंदूर पेटलेला. ती गोणपाटावर बसली होती. एक पाय लांब पसरलेला, पुढ्यात बोंबील, जवळा, मांदेली. एका ड्रायव्हरशी तिची हिंदीत वादावादी चालली होती.

"इतना बास मारता है."

"तेरे ट्रक से कम मारता है. लेना है तो ले."

तो हसत घेऊन गेला. मग तिने मला बघितलं.

"दादा? इकडे कुठे? बसा."

ढाब्यातून तिने स्टूल मागवलं. माझ्या तब्येतीची चौकशी केली, जेवण कोण करतं विचारलं. मी गुडघ्याचं विचारलं. "आहे तसाच," म्हणाली. चष्मा तिने भावाला परत देऊन टाकला होता. मी विषय कसा काढावा ते बघत होतो, तेवढ्यात तिनेच काढला. जवळा निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

"मोबाईलवर मला दिसायचं, दादा."

मी ट्रकांच्या रांगेकडे बघू लागलो.

"तुम्ही उठून गेलात की मी आत जाऊन बंद करायचे. ते मागे जायचं बटण मला माहीत होतं. मासे लावून ठेवायचे. त्या दिवशी माझे हात खरकटे होते, म्हटलं धुते आणि जाते. तेवढ्यात ती गाडी आली."

मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"मला वाटलं, तुम्ही निदान आकड्याचं तरी बोलाल," ती म्हणाली. "बाकीचं मी पण कुठे बोलणार होते? चार पुरुषांत मी कसं सांगू, मोबाईलवर काय बघितलं ते? आणि वहिनीचं घर ते."

मग वर्तमानपत्राच्या कागदात तिने बोंबील बांधले आणि माझ्या हातात दिले. "मऊ आहेत. दातांना जमतील."

बोलायची वेळ तीच होती. शब्द तयार होते, सबंध वाटभर घोकलेले. मी म्हणालो, "किती द्यायचे?" ती म्हणाली, "राहू द्या." मी म्हणालो, "बरं." आणि रस्ता ओलांडून तलासरीच्या रिक्षात बसलो.

पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो. तिच्या जागेवर नारळपाणीवाला बसला होता. ढाबेवाला म्हणाला, "पाय फारच दुखायला लागला, भाऊ येऊन घेऊन गेला. कुठे ते नाही सांगितलं." किनाऱ्यावर विचारलं तर कोणाला पत्ता माहीत नाही. भाऊ पुन्हा जहाजावर गेला असावा असं म्हणतात.

मंडळातले अध्यक्ष सोडले तर बाकीचे आहेत. त्यांनी हे वाचावं. ट्रकवाले कधीच येत नव्हते. तिला आकडा माहीत नव्हता. कुलूप मी काढलं आणि मीच उघडं टाकलं.

आणि एसटीत घोकलेलं, तिला म्हणायचं राहिलेलं, ते इतकंच होतं: बाई, त्या दिवशी तू मला विचारलंस आणि मी खोटं बोललो. तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर.