तळघरातून ऐकलेली रशियन क्रांती

साम्राज्यं कोसळतात तेव्हा त्यांचा आवाज पुढची शंभर वर्षं ऐकू येत राहतो. मी तो दोन हजार चारच्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेच्या एका तळघरात, दर रविवारी दुपारी ऐकला आहे. तो कपबशांचा होता, आणि मधूनमधून माझ्या रूममेटच्या हसण्याचा.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. ऐंशीच्या आसपासच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. त्यांचे वडील रशियातल्या कुठल्याशा दुय्यम राजघराण्यातले. क्रांतीत थोरल्या भावाला गोळ्या घातल्या, महाल गेले, आणि हे विशीतले राजपुत्र काळ्या समुद्रातून बोटीने निसटले. एवढं एजंटने घर दाखवताना सांगितलं, आणि तळघराला खिडकी आहे का हे न बघताच मी होकार दिला. खिडकी नव्हती.

मी राजेशाहीचा भक्त नाही. पण या क्रांतीवर हाताला लागेल ते वाचलं होतं. झारचं काय झालं हे सगळेच सांगतात. त्याच्या लांबच्या चुलतभावंडांचं पुढे काय झालं हे सहसा कोणी लिहीत नाही. त्यातलीच एक गोष्ट माझ्या डोक्यावर व्हॅक्युम क्लीनर फिरवत होती. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "तुमचे वडील नेमके कोणत्या शाखेतले? क्रायमियातून निघाले का?"

"ड्राइव्ह-वेमध्ये गाडी सरळ लावत जा," त्या म्हणाल्या.

रूममेट नागपूरचा. कोडिंग आणि क्रिकेट सोडून जगात काही घडलं असेल, यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. व्हिसा वाढून आला त्या दिवशी त्याने एडिसनच्या देशी दुकानातून पेढे आणले, थोडे वर द्यायला गेला आणि घरी पडतो तसा वाकून बाईंच्या पाया पडला. मी जिन्यातून पाहत होतो. बाई दचकल्या नाहीत. जरा थांबून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि रविवारी चहाला यायला सांगितलं.

म्हटलं, झालं! ऐंशीहून जास्त वर्षं थकलेला मुजरा एकदाचा वसूल झाला.

त्यानंतर दर रविवारी तो वर आणि मी खाली.

"काय म्हणाल्या?" तो उतरला की मी विचारायचो, शक्य तितक्या सहजपणे.

"काही नाही यार. आजीचा केक मस्त होता."

"क्रांतीबद्दल काही?"

"हां, ते सांगितलं ना. तिचे बाबा न्यूयॉर्कला हॉटेलच्या दारावर उभे राहायचे. त्या युनिफॉर्मवर म्हणे आर्मीतल्यापेक्षा जास्त जरी होती."

"आणि बोटीवर? बरोबर कोण होतं?"

"ते नाही विचारलं. मग आम्ही टेनिस बघितलं."

त्या संध्याकाळी मी भांडी गरजेपेक्षा जोरात घासली.

पुढे त्याला आजीच्या हातच्या चेरी जॅमची बरणी मिळाली. "घे ना बे," तो टोस्ट पुढे करत म्हणाला. मी गोड खात नसल्याचं सांगितलं. तो ऑफिसला गेल्यावर चमच्याने खाल्ला. उत्तम होता, याचा जास्त राग आला.

दिवाळीला मात्र माझी तत्त्वं संपली. एडिसनच्या ओक ट्री रोडवरून चकल्या आणल्या, वर गेलो, बाईंच्या हातात पुडा दिला आणि वाकलो.

बाईंनी पाय मागे घेतले. "काही पडलं का तुमचं?"

"नाही," मी वाकलेल्या अवस्थेतच म्हणालो.

त्यांनी मला बसवलं, चहा ओतला.

"तुमचा मित्र मला आवडतो," त्या म्हणाल्या. "तो झारबद्दल विचारत नाही. माझ्या वडिलांना जन्मभर सगळे तेवढंच विचारायचे. हॉटेलच्या दारावर, चर्चमध्ये, शेवटी दवाखान्यात नर्ससुद्धा. तुम्हीही विचारणार आहात."

मी मान हलवून नाही म्हटलं आणि चकली मोडली. बाई चहा पीत माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"विचारा," त्या शेवटी म्हणाल्या.

"त्यांनी झारला पाहिलं होतं का?"

"एकदाच. पण मध्ये घोडा उभा होता."