मावशींच्या म्हशी आणि माझा डबा

आर्क्टिकच्या दलदलीत दोन उन्हाळे मी एकच काम केलं. चिखलात रोवलेल्या गोल धातूच्या कड्यावर पारदर्शक डबा उपडा ठेवायचा आणि आत मिथेन वायू किती साठतो ते अर्धा तास यंत्रावर बघायचं. चालायला तिथे लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. बूट कोरडे राहावेत म्हणून असतील, असं मी धरून चालले. विचारलं कुणालाच नाही.

तेच काम मग मी आपल्या जिल्ह्यात आणलं, घनसावंगीपलीकडे गोदाकाठच्या एका पाणथळ जागी. आकडे नीट आले तर पुढचं काम मिळणार होतं, नाहीतर मंठ्याला घरी बसायचं. आणि आकडे तर भलतेच. डबा ठेवला रे ठेवला की यंत्रावरची रेघ हळूहळू चढायची सोडून सरळ वर.

माझा संशय शेजारच्या शेतातल्या मावशींवर गेला. त्यांच्या चार म्हशी पलीकडच्या अंगाला डुंबायच्या आणि मावशी बांधावर बसून माझ्याकडे एकटक बघायच्या. गावात बोललं जात होतं, मी जमीन मोजायला आलेय म्हणून. माझी पाठ फिरली की या बाई चिखलातली कडी हलवतात, हे मी मनाशी पक्कंच केलं. एक दिवस तोंडावर सांगून टाकलं, "मावशी, म्हशी इकडे आणू नका. माझ्या सामानाला हात लावू नका."

दुसऱ्या दिवसापासून म्हशी यायच्या बंद झाल्या. आकडे तसेच. मी कड्यांना दोरे बांधले, चिखलातले ठसे तपासले. सगळे माझ्याच बुटांचे होते. तरी माझा संशय काही हटेना.

महिन्याभराने मावशी स्वतःच जवळ आल्या.

"मॅडम, तुमी पाय ठिवला की त्या डब्याखाली बुडबुडे येऊन राह्यले. मी रोज बघते."

मी पाय उचलला, परत ठेवला. डब्याखालचं पाणी खदखदलं. माझ्याच वजनाने चिखलातला वायू बाहेर येत होता. आर्क्टिकमधल्या त्या फळ्या बुटांसाठी नव्हत्याच, पायाचं वजन चिखलावर पडू नये म्हणून होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमीच दूर राहा म्हन्ल्या. मंग कशाला बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्यातली जुनी फळी आणून टाकली. तिच्यावर उभी राहून मी डबा ठेवला. रेघ संथपणे चढू लागली. मावशींनी ती वाकून पाहिली.

"बराबर आलं का?"

"आलं."

"मंग म्हशी आनू का इथं? महिना झाला, लांब वढ्यावर नेऊन राह्यले. गुडघे न्हाई चालत आता."