फोनच्या आधी टीव्ही थरथरायचा

रविवारी नातीने नवा स्पीकर आणला. मी माझा बटणांचा फोन सहज त्याच्याशेजारी ठेवला आणि स्पीकर एकदम टर्र... टर्रर्र... करायला लागला. "आजी, तुझा फोन लांब ठेव ना!" ती वैतागली. मला मात्र आमचा जुना टीव्ही आठवला...

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही शहापूरजवळच्या शेणवे गावात राहायचो. घरात एकच मोबाइल, आणि त्याला रेंज मिळायची ती एकाच जागी, खिडकीजवळच्या टीव्हीच्या डोक्यावर. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेल्या क्रोशाचा एक रुमाल मी टीव्हीवर घातला होता. त्यावर तो फोन देवासारखा विराजमान असायचा.

फोन वाजायच्या दोन-तीन सेकंद आधी टीव्ही टरटरायचा, चित्रावर आडव्या रेघा थरथरायच्या. त्यामुळे सासूबाईंची खात्रीच झाली होती की फोन टीव्हीतूनच येतो. मी टीव्ही बंद करायला गेले की म्हणायच्या, "नको गो बंद करू. फोन कुठून येल मग?"

कधीकधी मात्र नुसतीच टरटर व्हायची, फोन वाजायचाच नाही. मी शहापूरला शाळेत शिकवायचे. तिथल्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, फोन मधूनमधून टॉवरला कळवत असतो, मी इथे आहे म्हणून. मी ते सासूबाईंना माझ्या भाषेत समजावलं... "हजेरी देतो तो, आई."

त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिचा रक्तगट निगेटिव्ह, घरात जुळणारी मी एकटीच. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, वेळ आली तर रक्त देणारं माणूस हाताशी असू द्या.

दिवस भरायला दोन आठवडे होते, पण एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. हे तिला घेऊन कल्याणला गेले. मला म्हणाले, "पहिली खेप आहे, वेळ लागेल. गरज पडली तर बूथवरून फोन करतो, तू लगेच नीघ." म्हणून मोबाइल माझ्याकडे ठेवला.

मी तेव्हाच सोबत जायला हवं होतं, हे आज कळतं. पण शाळेत सहामाही परीक्षा होती, आणि परीक्षेचा दिवस चुकवायचा नाही हे सिस्टरांनी लहानपणापासून अंगात भिनवलेलं. शिवाय सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या, आधाराशिवाय उठू शकत नव्हत्या. सकाळपुरतं समोरच्या जगनभाऊंच्या बायकोला त्यांच्याजवळ बसवलं आणि फोन पर्समध्ये टाकून मी शाळेत गेले.

दुपारी घरी आले, फोन रुमालावर ठेवला आणि वाट बघत बसले. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम चालू होता. भाताच्या रोगांबद्दल कोणीतरी बोलत होतं, मला एक अक्षर कळत नव्हतं.

टीव्ही टरटरला. मी ताडकन उठले... फोन वाजला नाही. "हजेरी," मी म्हटलं आणि खाली बसले.

दहा मिनिटांनी पुन्हा टरटर. पुन्हा रेघा. पुन्हा शांतता.

"इतक्यांदा हजेरी?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "तुज्या शालेत पण नाय घेत एवडी."

मला हसू आलं नाही. प्रत्येक टरटरीला मी उठत होते आणि पुढे काहीच घडत नव्हतं. शेवटी मला ते सहन होईना. मी टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"हात नको लावू त्याला!" सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या की मी दचकून मागे सरले. आणि तेवढ्यात टीव्ही तिसऱ्यांदा थरथरायला लागला. या वेळी थांबेचना.

मी नुसती बघत उभी राहिले. आणि सासूबाई, दोन महिने ज्यांनी एकटीने जमिनीला पाय लावला नव्हता त्या, भिंत धरून उठल्या. दोन पावलं... तीन पावलं... टीव्हीचा कोपरा पकडून त्यांनी फोन उचलला. "लाइट लागलाय गो यात! घे ना!"

"अगं, आहेस कुठे? तिसऱ्यांदा करतोय! लगेच नीघ..." मी फोन कानाला लावताच हे ओरडले.

वर्गात शिरताना मी फोन सायलेंट केला होता... आणि तसाच आणून रुमालावर ठेवला होता.

जगनभाऊंनी जीप काढली. त्यांची बायको धावत येऊन सासूबाईंजवळ बसली. "जा तू, मी हाय हितं," सासूबाई म्हणाल्या, तेव्हा वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वाटभर मी फोन मुठीत धरून त्याच्या काचेकडे बघत होते. रेंज येत होती, जात होती, आणि आधी सांगायला टीव्ही नव्हता.

पोचले. रक्त दिलं. डॉक्टरीणबाई इतकंच म्हणाल्या, "वेळेत आलात." काही तासांनी आतून बारीकसं रडणं ऐकू आलं, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने लेकीने डोळे उघडले.

रविवारी स्पीकरवरून वैतागली, ती हीच नात.

त्या दिवशीच्या तीन पावलांपायी सासूबाईंचं दुखणं आणखी महिनाभर लांबलं. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त मी परत आले तेव्हा खाटेवरून एकदा विचारलं, "काय गो मास्तरीन, लागली का हजेरी?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलांची हजेरी घेतली. त्या दुपारी माझं नाव तीनदा पुकारलं गेलं, आणि "हजर" म्हणायला उठल्या त्या माझ्या सासूबाई... मोडक्या पायाने.