पाचवीची काळजी

जगात कुठंही निवडणूक असो, तिची काळजी वाहायला एक माणूस दारव्ह्यात कायम हजर असतो, आणि तो माणूस आमचा व्याही आहे. एखाद्याच्या पाचवीला दारिद्र्य पुजलेलं असतं, एखाद्याच्या भांडणं. आमच्या व्याह्यांच्या पाचवीला काळजी पुजली, आणि तीही चांगली सव्वा पायली पुजली असावी. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं नाही तर का आलं नाही, आणि आलं तर परत का आलं, हे दोन प्रश्न त्यांना आलटून पालटून छळतात. "याचं बियाणं उगवलं नसन," असं ते लांबूनच पुटपुटतात आणि पाण्याचा पेला पुढे करतात. तो बिचारा मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असतो. पत्रिका हातात पडल्यावर सुटल्यासारखे हसतात, आणि मग त्या तारखेला पाऊस येईल का, याची काळजी सुरू करतात.

त्यांची मुलगी आमच्या घरी सून म्हणून आली आणि वर्षभरात माझ्या मुलाबरोबर अमेरिकेला गेली, तेव्हापासून व्याह्यांच्या काळजीला परदेशगमन घडलं. ज्या राज्यात ही मंडळी राहतात, त्याचं नाव व्याह्यांच्या जिभेवर काही बसत नाही. त्यामुळे ते त्याला सरळ 'आपलं राज्य' म्हणतात. यातून घोटाळे होतात. एकदा दारव्ह्याच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत ते, व्याह्याचं 'इवाई' करत, मला म्हणाले, "इवाई, आपल्या राज्यात बर्फ पडून राह्यला, सारे रस्ते बंद हायेत." शेजारच्या बाकावरचे गृहस्थ उठून बाहेर आभाळ बघून आले.

त्या राज्यात अमेरिकेच्या काँग्रेसवर पाठवायच्या प्रतिनिधींचे मतदारसंघ आहेत. त्यांना तिकडे डिस्ट्रिक्ट म्हणतात. व्याह्यांनी इंग्रजी शब्द ऐकला आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा, हे पक्कं केलं. कितीतरी दिवस त्यांना पाचव्या जिल्ह्याचा कलेक्टर कोण, हे हवं होतं. सूनबाईंनी फोनवर समजावलं, की बाबा, हा जिल्हा नाही, मतदारसंघ आहे आणि त्याला नाव नसतं, फक्त नंबर असतो. हे काही त्यांना पटलं नाही. "नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर? मंग मानूस भांडते कायच्यासाठी?" असं म्हणून त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या गावांवरून स्वतःच बारसं उरकलं. कारखाने असलेला पहिला मतदारसंघ म्हणजे लोहारा. लांबचा, शेतीचा, व्यापाऱ्यांचा तिसरा म्हणजे ढाणकी. नाव नाही दिलं ते फक्त पाचव्याला, कारण तिथं त्यांची पोरगी राहते. "नाव ठेवलं की नजर लागते," म्हणाले. त्यामुळे तिसरी सीट ढाणकी झाली, आणि पाचवी ती पाचवीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी तिकडे निवडणूक होती. दुकानाच्या पायरीवर उभे राहून व्याही मला फोनवर ओरडून सांगत होते, "ढाणकी गेली, इवाई! ढाणकी पुरी हातची गेली!" ढाणकीला ज्याचं सोयाबीन गोदामात पडलं होतं, असा एक अडत्या समोरून चालला होता. तो हातातला चहा तसाच टाकून घरी पळाला. त्याची समजूत घालायला व्याह्यांना जावं लागलं, आणि अमेरिकेतल्या ढाणकीत तुमचं काही नाही हे समजावताना त्यांची फार दमछाक झाली.

पण त्याच दिवशी जे घरात घडलं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सूनबाई तिकडे बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. मुलगी झाली होती. आपल्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, पाटावरवंटा मांडतात, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. तिकडे ना पाटा ना वरवंटा, आणि करणार कोण? विहीणबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजवा हात आणि पाय जवळजवळ गेल्यासारखेच. डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू नका म्हणून सांगितलं होतं. आणि त्यांना सोडून व्याही एक रात्र कुठं राहत नाहीत. तर विहीणबाई आत खाटेवर पडून नातीच्या पाचवीचाच विचार करत होत्या, आणि बाहेरून नवऱ्याचा आवाज आला: "पाचवीचं काही खरं नाही, इवाई. पाचवी वाचत नाही आता!" माऊलीनं हंबरडाच फोडला. शेजारच्या बायका धावल्या. व्याही फोन तसाच चालू ठेवून आत पळाले, आणि मला यवतमाळला बसून ऐकू येत होतं, "अवो, सीट! सीट म्हणून राह्यलो मी! बाळाले काही नाही झालं बाप्पा!" त्या दिवशी पाचवी शेवटी वाचली, थोडक्यात वाचली. पण नातीची पाचवी राहून गेली ती गेलीच. विहीणबाईंनी तो सल मनात धरला. पोर जरा शिंकलं, की फोनवर म्हणायच्या, "पाचवी नाही पुजली नं तिची."

पुढे आम्ही नवरा-बायको एकदा जाऊन नातीला मांडीवर घेऊन आलो. तेव्हापासून विहीणबाईंसमोर बसताना आम्हाला ओशाळल्यासारखंच होतं. सूनबाईच लेकीला घेऊन यायची, असं ठरलं होतं. तेवढ्यात तिचा तिथं राहण्याचा कागद नूतनीकरणाला गेला आणि अडकला. कागद हातात नसताना देश सोडला, तर परत जाता येईल याचा भरवसा नाही. मुलाचा कागद नीट होता, हिचाच अडकला. आज होईल, उद्या होईल करत महिने गेले, आणि इकडे विहीणबाईंची तब्येत काही कोणाची वाट बघायला तयार नव्हती. मी जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, फाईल अडकते म्हणजे काय ते मला कळतं.

मग कोणीतरी सूनबाईंना सांगितलं, की अशा अडकलेल्या कामाचा पाठपुरावा आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचं कार्यालय करतं. पाचवीच्या प्रतिनिधी एक बाई होत्या. सूनबाईंनी तिथं अर्ज केला आणि तिथून फोन आला, की आम्ही लक्ष घालतो. झालं! व्याह्यांच्या साऱ्या काळज्यांनी आपापली गावं सोडली आणि पाचवीत मुक्काम केला. कारण निवडणूक पुन्हा तोंडावर आली होती. बाई कोणत्या पक्षाच्या, हे मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पक्षाचं काय घेऊन बसले तुमी? पोरीचा कागद करते तो आपला पक्ष."

त्यांचा पहिला घोर असा, की बाई उभी आहे म्हणजे सीट महिला राखीव असणार. उद्या सोडत निघाली आणि सीट खुली झाली, तर बाईंनी जायचं कुठं? तिकडे तसलं राखीव नसतं, हे ऐकल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बाईचे यजमान कोन हायेत? काम तर तेच पाहत असतीन." यजमान दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांचा यात काही संबंध नाही, हे कळल्यावर व्याह्यांचा चेहरा पडला. "मंग काम कोन करते?" त्यात मतदारसंघांच्या हद्दी बदलल्याची बातमी आली. त्यांनी तडक मुलीला फोन लावला. "घर कोनीकडं सरकलं तुमचं?" ती म्हणाली, "बाबा, घर जाग्यावरच हाये, रेघ सरकली. आपण पाचवीतच हावो." तेव्हा कुठं ते जेवले. आणि सगळ्यात मोठं दुःख म्हणजे मत. "दोघं तिथं कमावतात, टॅक्स भरतात, अन् पाचवीत आपलं एक मत नाही," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी मलाच त्या बाईंपुढे लाज वाटायला लागली.

तिकडच्या रात्री मोजणी, म्हणजे इकडे सकाळ. व्याही पहिल्याच काळीपिवळी जीपमध्ये बसून यवतमाळला आमच्याकडे हजर झाले. सोबत डबा होता, पण तो उघडला नाही. माझी बायको चहा ठेवून गेली, तोही साय धरून बसला. मी फोनवर आकडे वाचत होतो आणि ते विचारत होते, "ही पेटी कोन्या गावची फुटली?" लोहारा कुणाकडे, ढाणकी कुणाकडे, यात त्यांना काडीचा रस उरला नव्हता. दुपारच्या आत निकाल लागला. बाई पडल्या.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "आपल्याकडं पडलेला मानूस वर्षभर दार नाही उघडत, इवाई. मी झेडपीत पडलो तं आठ दिवस दुकान बंद ठेवलं होतं. आता त्या बाईनं कोनाचे कागद पाहावं?" मग चपला घालता घालता त्यांनी मला बजावलं, "तुमच्या विहीनबाईले सांगू नोका."

त्या दिवसापासून व्याह्यांच्या घरी मोजणी संपलीच नाही. विहीणबाई सकाळी विचारायच्या, "झाली काय मोजणी?" आणि हे म्हणायचे, "चालूच हाये." दिवाळीचे आकाशकंदील उतरले, तुरीला शेंगा धरल्या, मोजणी चालूच. मी भेटायला गेलो तर मलाही सामील करून घेतलं. "सांगा इवाई, मोठा देश होय, वेळ लागतेच नं?" मी मान डोलवली. विहीणबाई डाव्या हातानं पदर सारखा करत आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

आणि एके दिवशी दुपारी सूनबाईंचा फोन आला. कागद आला होता. नवा माणूस जागेवर बसेपर्यंत जुनं कार्यालय सुरूच असतं तिकडे, आणि पडलेल्या बाईंच्या त्या कार्यालयानं जाता जाता सूनबाईंचं काम मार्गी लावलं होतं. व्याह्यांनी मला फोन केला. म्हणाले, "पडलेल्या बाईनं काम केलं, इवाई. पडलेल्या!" आत जाऊन विहीणबाईंना मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं. "मोजणी झाली. बाई निवडून आल्या."

सूनबाई लेकीला घेऊन आली त्या दिवशी आम्ही सगळे दारव्ह्यात होतो. विहीणबाईंनी नातीला एका हातानं छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मग डोळे पुसून लेकीला म्हणाल्या, "त्या निवडून आलेल्या बाईले लुगडं पाठवा लागते." सूनबाई भाबडेपणानं बोलून गेली, "आई, त्या तर केव्हाच पडल्या." व्याही खांबाच्या आड सरकले. विहीणबाई तिकडे न बघताच म्हणाल्या, "मले ठाऊक होतं. यवतमाळून आले तवा डबा जसाच्या तसा वापस आनला होता यायनं."

मग विहीणबाईंनी हट्टानं पाचवी मांडायला लावली. दोन वर्षांच्या पोरीची पाचवी! शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण कोणी नाही म्हटलं नाही. पाटावरवंटा धुवून मांडला. विहीणबाईंनी डाव्या हातानं हळदकुंकू वाहिलं, आमच्या बायकोनं त्यांचा हात खालून धरला होता. जिची पाचवी ती उत्सवमूर्ती वरवंट्यावर बसायला बघत होती आणि इंग्रजीत काहीतरी ठणकावून सांगत होती.

मी आणि व्याही बाहेर ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "चला इवाई, पोरगी आली, पाचवी पार पडली. आता तरी त्या अमेरिकेच्या पाचवीचा नाद सोडा."

"कसा सोडू?" ते म्हणाले. "पोरीचा जन्म तिथला. अठराची झाली की मत देईन ते. पाचवीत आता आपलं एक मत झालं नं." एवढं बोलून ते मोठ्या कौतुकानं आत बघून हसले. आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी त्यांच्या ध्यानात आल्या असाव्यात. माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हनजे ते तिकडचीच झाली, नाही काय?"

ती माझीही नात. आतून टाळ्यांचा आवाज आला, पोर खिदळली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मोजणी चालू आहे, इवाई."