घासलेले सात राणीछाप

गेल्या वर्षी माझ्या मुलीला नोकरी लागली आणि तिने जाहीर केलं, की दरवर्षी चांदीचं एक जुनं नाणं घ्यायचं, लाँग टर्मसाठी. मला आनंदाचं भरतं आलं, कारण हे खूळ मूळचं तिच्या आजोबांचं. माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. दर दिवाळीला बोनस झाला की उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका सिंधी शेठकडून ते एक राणीछाप रुपया आणायचे आणि माझ्या नावाने डब्यात ठेवायचे. "हिला पुढे उपयोगी पडतील," असं आईला सांगायचे. असे सात जमले आणि मग त्यांनी आणणं बंद केलं. का, ते मी कधी विचारलंच नाही.

त्या खरेदीला मी स्कूटरवर पुढे उभी राहून जायची. दुकान म्हणजे जिन्याखालचा एक कोनाडा. शेठ दहा-बारा रुपये मखमलीवर मांडायचे आणि माझ्या हातात पापड द्यायचे. बाबा एकेक नाणं कडेने धरून भिंगाखाली न्यायचे. राणीच्या केसांच्या रेघा दिसतात का, कडेचे दाते शाबूत आहेत का, कधीकाळी हारात ओवायला लावलेल्या कडीचा डाग राहिलाय का, असा तो सोहळा अर्धा तास चालायचा. शेवटी चकचकीत नाणी बाजूला सारून ते एखादं काळपट नाणं उचलायचे. शेठ खूश होऊन म्हणायचे, "साहेब, नजर है आपकी!" मला मात्र वाटायचं, हा माणूस माझ्या भोळ्या बाबांच्या गळ्यात दरवर्षी काळा माल मारतोय.

मी अकरा वर्षांची असताना दिवाळीत आई बाळंतपणासाठी माहेरी होती. लक्ष्मीपूजनाची तयारी माझ्यावर आली आणि माझ्या अंगात बाईपण संचारलं. चिंच लावून समई घासली, ताम्हण घासलं, आणि मग मला तो डबा आठवला. लक्ष्मीपुढे काळी नाणी मांडायची म्हणजे काय! चिंच झाली, राख झाली, शेवटी दात घासायचा ब्रश आणि मंजन घेऊन बसले. दीड तासाने सातही राण्या लख्ख झाल्या. बाबा कामावरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले आणि ताम्हणात मांडलेल्या नाण्यांकडे नुसते बघत राहिले.

"तू एकटीने केलंस हे?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. ते म्हणाले, "वा! आपली लक्ष्मी काय उजळलीये!" पुढचा महिनाभर मी हवेत होते. आई परत आल्यावर तिलाही तीनदा सांगून झालं.

तर मुलीने नाणी घ्यायचं ठरवल्यावर मी म्हटलं, आधी बाबांची नाणी दाखवून आणू, कुठलं ठेवण्यासारखं आहे ते तरी कळेल. बाबा काही केल्या तयार होईनात. कधी गुडघा दुखतोय, कधी ऊन फार आहे, कधी "राहू दे गं, त्यात काय बघायचंय?" पण मीही त्यांचीच मुलगी. एका रविवारी कात्रपच्या घरून खास रिक्षा केली आणि त्यांना कॅम्प दोनला नेलंच.

दुकानात आता शेठचा मुलगा बसतो, त्याचेही केस पांढरे झालेत. त्याने पहिलं नाणं भिंगाखाली धरलं, मग बाकीची भराभर बघितली.

"आंटी, माल असली है, साल भी अच्छा है. पण हे सगळे घासलेत कोणीतरी. वरची काळी झाक असते ना, त्याचेच तर पैसे. ती गेली की कलेक्टर हात नाही लावणार. आता फक्त चांदीचा भाव." मग त्याला खरंच राग आला. "किसने किया ये?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच. मला तेव्हा यातलं काही कळायचं नाही."

त्या माणसाने मग बाबांना शिकवायला घेतलं. नाणं कडेने धरायचं, फडकंसुद्धा लावायचं नाही, काळं पडलं तर पडू द्यायचं. आणि बाबा स्टुलावर बसून नव्याने शिकल्यासारखे "अच्छा? असं होय?" करत होते. आठवं नाणं का आलं नाही, ते मला तेव्हा कळलं. ते आणलं असतं तर त्यांना मला सांगावं लागलं असतं, की याला हात लावू नकोस.

मला राहवेना. "बाबांनी नाही हो, मी घासली होती. लहान असताना."

बाबा गर्रकन वळले. "तुला कोणी विचारलं होतं?" ते एवढ्या जोरात ओरडले, की शेजारचा दुकानदार डोकावला. "इतकी वर्षं तुला कळू दिलं नाही मी, आणि तू इथे येऊन बोलून दाखवतेस!"

नाण्यांसाठी कधीच न रागावलेले बाबा कात्रप येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण त्या रिक्षात मला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं.