ट्रक शिरत नाही ती गल्ली

घर बदलायचं म्हटलं की लोक आधी त्याला विचारायचे. का विचारू नये? तीस वर्षं तो लोकांची बिऱ्हाडं हलवत होता. पलंग, कपाटं, शिलाई मशिनं, कुणाच्या कुंड्या, कुणाचा पोपट. एका टोकाचं घर उचलायचं आणि दुसऱ्या टोकाला नेऊन लावायचं. ‘ट्रकवाले काका, तो एरिया कसा आहे हो?’ असं कुणी म्हणालं की गडी खूश. छाती काढून सांगायचा, आणि न विचारता आणखी दोन एरिया सांगायचा.

मग त्याच्यावरच वेळ आली. ते राहत होते ती इमारत धोकादायक ठरली आणि सगळ्यांना घरं खाली करायला सांगितलं. घरात माणसं चार. तो, बायको, नवऱ्यापासून वेगळी होऊन परत आलेली लेक आणि लेकीची पोरगी. लेक सकाळी ऑफिसला जायची ती संध्याकाळी यायची, म्हणून नात सगळी आजीच्या ताब्यात. आणि आजी कसली, पायाला भिंगरी लावलेली बाई! दुधाला म्हणून निघाली की तासाने परत यायची, पिशवीत दूध आणि तोंडात साऱ्या गल्लीच्या बातम्या. नातीला बालवाडीत सोडायला चालत, आणायला चालत, मध्ये एक चक्कर उगाच.

‘अहो, मला मोठं घर नको,’ ती म्हणाली होती. ‘पायी सगळीकडे जाता येईल असं बघा. आणि पोरीला खेळायला पोरं असू देत.’

‘तू गप बस. यातलं मला सांगतेस?’

आणि त्याने बघितलं. ट्रकात बसून बघितलं. सहा पदरी रस्ता, ट्रक थेट फाटकाशी लागतोय. लिफ्ट एवढी ऐसपैस की कपाट उभंच्या उभं आत जाईल. जिन्याची वळणं रुंद, कुठे ओरखडा उठायची भीती नाही. भाडंही परवडणारं. त्याने तिथल्या तिथे होकार दिला. सामान अर्ध्या दिवसात वर चढलं. त्याचा जुना जोडीदार घाम पुसत म्हणाला, ‘काका, असं सुखाचं शिफ्टिंग जन्मात केलं नाही.’

आता यात चुकलं काय? चुकलं ते एवढंच, की या बाबाने कुठलीच वस्ती दुसऱ्या दिवशी पाहिली नव्हती. सामान उतरवलं, सही घेतली, निघाला. त्यानंतर माणसं तिथे जगतात कशी, हे बघायला तो कशाला थांबतोय? तीस वर्षं त्याने घरं निवडली ती कपाटांच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी बायको पिशवी घेऊन खाली उतरली. डाव्या हाताला कंपाउंडची भिंत, संपता संपेना. उजव्या हाताला मोटारींचं शोरूम. दुकानं रस्त्यापलीकडे, शाळाही पलीकडेच. सिग्नल सुटायचा, ती नातीला घेऊन निघायची, आणि मध्यावर पोचेस्तोवर गाड्या पुन्हा सुरू. मग आजी आणि नात दुभाजकावर उभ्या, दोन्हीकडून गाड्यांचा वारा. एकदा एक टँकर इतका जवळून गेला की तिने नातीचा हात गच्च दाबला. घरी आल्यावर पोरीच्या मनगटावर बोटांचे वळ दिसले. ते पाहून लेकीने दुसऱ्याच आठवड्यात शाळेची बस लावली. लेकीचं तरी काय चुकलं? पण आजीचं घराबाहेर पडायचं शेवटचं कारणही त्या बसमध्ये बसून गेलं.

दूध घरपोच यायला लागलं, भाजी फोनवर. लिफ्टमध्ये कुणी भेटलंच तर ते आपल्या मोबाइलमध्ये. पोरीला खेळायला पोरं म्हणाल, तर ती आपापल्या दारांमागे. बायको खिडकीशी बसायला लागली. पण त्याच्याजवळ अवाक्षर काढलं नाही. कारण हा पठ्ठ्या येईल त्या पाहुण्याला लिफ्ट दाखवत होता! एवढ्या हौसेने घर घेतलंय, कशाला हिरमोड करा, म्हणून ती मूग गिळून बसली. अशी तीन वर्षं गेली. बाई अंगाने सुटली, पाय सुजले, चार पावलं टाकली की धाप. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आणि चालणं सुटलं तिथेच बिघडलं. रोज थोडं तरी चाला.

बाहेर आल्यावर तो तिच्यावरच डाफरला. ‘एवढा मोठा रस्ता आहे समोर. चालायला काय होतं तुला?’

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. हसत बोलली, हेच वाईट. ‘अहो, तुम्ही घर बघायला गेला होतात, का ट्रकला स्थळ बघायला? ट्रकचं चांगलं झालं हो. माझं काय?’

तो घरी आला आणि खिडकीत तिच्या जागेवर बसला. खाली नुसत्या गाड्या. तासभर बसला, एक ओळखीचा चेहरा दिसला नाही. तीन वर्षं ही इथे बसून काय बघत होती? त्याला स्वतःची इतकी चीड आली की जेवणावरून उठून गेला.

मग त्याने पुन्हा घर शोधायला घेतलं. बैल गेला नि झोपा केला, म्हणा हवं तर. पण या खेपेला ट्रक उभा करून पायी निघायचा. शाळा सुटायच्या वेळी जायचा, बाजाराच्या वेळी जायचा. म्हातारी माणसं कुठे टेकतात ते बघायचा. कुणाचंही पोर रस्त्यात धावलं की कुणीही त्याला रागावतंय का, तेही बघायचा. रागावत असतील तर जागा चांगली, असा त्याने स्वतःपुरता नियम केला होता. आणि फिरून फिरून भोपळे चौकात! त्याला पटली ती नेमकी अशी गल्ली, जिला तो तीस वर्षं शिव्या घालत आला होता. ट्रक आत शिरत नाही. सामान कोपऱ्यावर उतरवून डोक्यावरून न्यावं लागतं. तिथलं काम आलं की तो कपाळाला हात लावायचा. आता त्याच गल्लीत बेकरी, चप्पलवाला, इस्त्रीवाली, पेपरवाला, शिंपी, आणि टोकाला शाळा.

घर मिळालं ते पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना अरुंद, आणि तिचे पाय तर आता एक पायरी चढत नव्हते.

‘राहू दे हो,’ ती म्हणाली. ‘पोरीसाठी घ्या. मी काय, वरून ऐकेन.’

‘ऐकेन कशाला? मी मेलोय का? लोकांची लोखंडी कपाटं उतरवली, तुला नाही उतरवणार?’

रोज दुपारनंतर तो तिला खुर्चीसकट खाली आणायला लागला. मदतीला खालचा चप्पलवाला. त्याला याने पहिल्याच दिवशी धडा दिला, की वरच्याने फक्त दिशा धरायची, वजन सगळं खालच्यावर येतं. आणि खालची बाजू याने कधी दुसऱ्याला दिली नाही. ती वरून टोमणे मारायची, ‘जपून हो, काचसामान आहे!’ चप्पलवाला हसून हसून अर्ध्या जिन्यात थांबायचा.

खाली आली की बाई राणी. कधी बेकरीपाशी खुर्ची, कधी इस्त्रीवालीच्या सावलीत. महिनाभरात तिला गल्लीतल्या साऱ्या पोरांची नावं पाठ झाली, कुणाची आई कुणाशी बोलत नाही तेही कळलं. रंग परत आला तोंडावर. डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट पाहिले आणि लेकीला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. लेकीने ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरांना काय कळतंय, तिचा चेहरा बघ.

चौथ्या महिन्यात एका सकाळी, नात शाळेत गेल्यावर, तिला श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर थांबली, पुढे येऊच शकत नव्हती. गल्लीतल्या माणसांनी तिला हातोहात कोपऱ्यापर्यंत नेलं. हॉस्पिटलमध्ये दुपारी ती गेली.

लेक रडता रडता सह्या करत होती. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, शाळा सुटेल. पोरीला तुम्हीच आणा. तुम्हीच सांगा तिला, दुसऱ्या कुणाकडून नको कळायला.’

तो निघाला. कोपऱ्यावर रिक्षातून उतरला आणि गल्लीत शिरला. शाळा शेवटच्या टोकाला, म्हणजे सगळी गल्ली ओलांडणं आलं. बेकरीवाला धावत बाहेर आला. ‘काकू कशा आहेत?’

‘बरी आहे,’ तो म्हणाला. नातीच्या आधी दुसऱ्याला कसं सांगायचं?

पेपरवाल्याने विचारलं. बरी आहे. समोरच्या बाल्कनीतून एका म्हातारीने हाक मारून विचारलं. बरी आहे, बरी आहे. चप्पलवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली चप्पल खाली ठेवली. त्या सहा पदरी रस्त्यावर अख्ख्या तीन वर्षांत त्याला कुणी कधी एवढंही विचारलं नव्हतं.

इस्त्रीवाली शर्टाची घडी घालत होती. ‘घरी आल्या की मला सांगा हं काका. हसवतात हो, दिवस कसा जातो कळत नाही. मी परवाच त्यांना म्हटलं, तुम्ही आधी का नाही आलात इकडे राहायला? एवढी वर्षं कुठे होतात?’

‘मग? काय म्हणाली?’

‘म्हणाल्या, आमचे हे कामात असतात, त्यांना वेळ कुठला? पण घर त्यांनीच शोधलं, पायी फिरून. फार कौतुक करत होत्या तुमचं.’

दुकानाच्या फळीला धरून तो रडायला लागला. मोठ्याने, भररस्त्यात. तीन वर्षं त्याने तिला कोंडून घातली होती, आणि ती जगाला त्याचं कौतुक सांगून गेली होती. इस्त्रीवाली समजायचं ते समजली. तिने इस्त्री बंद केली, दुकान तसंच उघडं टाकलं आणि त्याच्याबरोबर शाळेकडे चालायला लागली.

शाळा सुटलीच होती. नात दप्तर हलवत धावत आली. आजीची खुर्ची आज कुणाच्या दुकानापाशी असेल, हे ती रोज फाटकातच ओळखायची आणि मग तिकडे पळत सुटायची.

‘सांगू नका, आजोबा, सांगू नका! मी ओळखते. बेकरी?’

त्याने नाही म्हणून मान हलवली.

‘मग पेपरवाले काका? नाही? चप्पलवाले?’ इस्त्रीवाली तर इथेच उभी होती. पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा आजोबांकडे. ‘मग शिंपीकाका? नाही? मग कुठे?’

गल्लीतली दुकानं संपली. तो तिथेच फाटकापाशी जमिनीवर बसला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिला सांगितलं.