ट्रॉलीमागं ठेवलेली टोपली

मावशींची भाकरीची टोपली मी माझ्या हातानं उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं ठेवली आणि वर पोतं टाकलं. तसं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेठपासून थोडं आत आमचं गाव. पंचायतीच्या निवडणुकीनंतर गावात दोन तट पडले. शेजारी शेजाऱ्याच्या मयतीला जाईना. सगळ्यांनी एकदा एकत्र जेवावं, ही कल्पना माझीच. मांडव नको, आचारी नको. प्रत्येक घरानं जमतील तेवढ्या भाकरी आणायच्या, देवळापुढं मोठ्या कढईत आमटी करायची. भाकरी मात्र एकाच ढिगात घालायच्या, म्हणजे कुणाच्या ताटात कुणाच्या घरची आली ते कळणार नाही. हे सांगत मी घरोघर हिंडलो. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतही गेलो.

"आमच्या बी त्याच ढिगात?" मावशींनी विचारलं. त्या माझ्या शाळासोबत्याच्या आई. लहानपणी त्यांच्या घरी मी कितीदा जेवलो असेन.

"तुमच्या सगळ्यात आधी," मी म्हणालो.

आणि खरोखरच, अख्ख्या वस्तीच्या भाकरी घेऊन त्यांची टोपली सगळ्यात आधी आली. माझे चुलते तिच्याकडं बघत पुटपुटले, "म्हंजे आमी आज उपाशीच म्हनायचं." एवढंच बोलून ते पारावर जाऊन बसले. मी घाबरलो. हे न जेवता गेले तर त्यांच्यामागं निम्मं गाव उठेल, असं मला वाटलं. मग मी ती टोपली उचलली.

जेवायला वस्तीतली सगळी माणसं आली. मावशींनी ढिगाकडं पाहिलं. आपल्या हातची भाकरी बाईला लांबून ओळखू येते. त्या शोधत ट्रॉलीमागं गेल्या, पोतं बाजूला केलं.

"का रे, आता बाधती व्हय माझी भाकर? ल्हानपनी तर लई पचायची."

"मावशी, तिकडं जागा नव्हती..."

त्या टोपली कमरेवर घेऊन निघाल्या आणि त्यांच्यामागं सगळी वस्ती निघाली. बाकीचं गाव जेवलं. चुलत्यांनी आमटी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर मी काय काय करून पाहिलं! रविवारी शाळेचं आवार झाडायला बोलावलं, पारावर पेपरवाचन सुरू केलं, ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं ठरवलं. सिमेंटची रिकामी पोती फुकट मिळाली होती. वस्तीतून कुणीच आलं नाही. गावातले आले, तेही हळूहळू गळाले. मी एकटा पोत्यांत वाळू भरत होतो. पुलावरून एक जण ओरडला, "फोटो काढा न् ग्रुपवर टाका राव, म्हंजे झालं काम!" मी खोरं टाकलं आणि त्या ओल्या वाळूत बसून राहिलो. जुन्नरला कचेरीत कामाला जाताना, येताना, डोक्यात तेच. गाव जोडायला निघालो होतो आणि जे थोडं जोडलेलं होतं तेही मीच तोडलं.

शेवटी मावशींच्या दारात गेलो. "चुकलं माझं," म्हणालो.

त्या शेंगा फोडत होत्या. मान वर केली नाही. "हितं कुनी न्हाई ऐकायला, म्हनून आलास. आमाला उठून जाताना आख्ख्या गावानं बघितलं. तवा तू गप व्हतास."

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. मावशी मागं दाराजवळ बसल्या होत्या, कुठल्याही क्षणी उठून जातील अशा. चुलत्यांनी माझा सदरा ओढला, "बस खाली, शोभा नको करू." मी सदरा सोडवून घेतला.

"मावशींची टोपली मी लपवली," मी म्हणालो. "जागा नव्हती म्हणालो ते खोटं होतं. जागा होती. त्या भाकरी ढिगात घातल्या तर आपली माणसं उठून जातील, याची मला भीती वाटली. वस्तीतली माणसं उठून जातील, याची वाटली नाही. मावशी, मी तुमचा अपमान केला. तुमची आणि सगळ्या वस्तीची मी माफी मागतो."